तोच कार्बोरेटर पुन्हा ओव्हरफ्लो: दोष फ्लोटमध्ये होता, घोळ वहीत होता

आधी बिघाड सांगतो. तुमच्याकडेही हेच होत असेल तर पुढचं वाचण्यात अर्थ आहे.

पिरंगुटला भाड्याच्या शेडमध्ये आमचं दोन सीटचं किटचं, म्हणजे सुटे भाग मागवून आपणच जोडायचं, विमान उभं आहे. अजून उडालेलं नाही. पंख भिंतीला टेकवून ठेवलेत आणि सध्या जमिनीवर इंजिन चालवून बघण्याचा टप्पा चालू आहे. इंजिन दुसऱ्या हाताचं, ३८० तास चाललेलं, चार सिलिंडरचं. त्याला दोन कार्बोरेटर आहेत, प्रत्येक बाजूच्या दोन सिलिंडरला एक. तक्रार अशी: स्लो स्पीडला इंजिन थरथरतं, रेस वाढवली की गुळगुळीत चालतं. बंद केल्यावर डाव्या कार्बोरेटरखालच्या ट्रेमध्ये पेट्रोल साचलेलं असतं. त्या बाजूचे दोन्ही स्पार्क प्लग काजळीने काळे, उजवीकडचे छान तपकिरी. खालून तापलेला सायलेन्सर जातो, त्यामुळे ठिबकणाऱ्या पेट्रोलकडे ‘बघू पुढच्या रविवारी’ म्हणून काणाडोळा करता येत नाही.

दुरुस्त केलं की महिना-दीड महिना बरं. मग ये रे माझ्या मागल्या.

या जातीच्या कार्बोरेटरमध्ये वाटीत दोन सुटे फ्लोट असतात. पेट्रोलची पातळी वाढली की ते तरंगत वर येतात आणि निडल, म्हणजे वाटीत पेट्रोल सोडणारी सुई, बंद होते. काही फ्लोट हळूहळू पेट्रोल पितात, जड होतात आणि जितके वर यायला हवेत तितके येत नाहीत. निडल उघडीच राहते आणि वाटी भरून वाहते. इंजिनाच्या पुस्तकात मर्यादा दिली आहे: दोन फ्लोटचं मिळून वजन ७ ग्रॅमपेक्षा कमी हवं. इतकं सोपं निदान असलेला बिघाड आम्ही फेब्रुवारीपासून ऑगस्टपर्यंत कसा वागवला, ते आता सांगतो.

फेब्रुवारीत पहिल्यांदा वाहिला तो उजवा कार्बोरेटर. ७ ग्रॅम मोजायला आमच्याकडे काटा नव्हता, स्वयंपाकघरातला काटा एक ग्रॅमच्या खाली बोलतच नाही. म्हणून फ्लोट डबीत घालून रविवार पेठेत ओळखीच्या सराफांकडे गेलो. त्यांनी चिमट्याने उचलून काट्यावर ठेवले, ७.६४ भरले. गुलाबी कागदावर बॉलपेनने आकडा लिहिला, त्याच कागदात फ्लोटची पुडी बांधली आणि म्हणाले, “साहेब, प्लॅस्टिकला आमच्याकडे भाव नाही हं.” मी हसलो, शेडवर आलो, नवी जोडी बसवली. दोन जोड्या मागवल्या होत्या, त्यातली एक स्पेअर उरली. ती श्रीखंडाच्या रिकाम्या डब्यात ठेवली. जुनी जोडीही त्याच डब्यात टाकली. आणि पुडीचा गुलाबी कागद चुरगळून फेकला. सगळं प्रकरण त्या कागदापाशी आहे. त्यावर वजन होतं, तो फ्लोटभोवती होता, म्हणजे आयती चिठ्ठीच होती. मी ती केराच्या टोपलीत घातली.

त्या दिवशी कामाच्या नोंदीची वही लिहिली माझ्या भाच्याने. पोरगा इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे, अक्षर सुरेख. त्याने लिहिलं: “डावा कार्ब. फ्लोट बदलले. मीटर ४.२.” तो विमानाच्या नाकासमोर उभा होता. नाकासमोरून बघणाऱ्याची डावी ती खुर्चीत बसणाऱ्याची उजवी. एवढंच.

मे महिन्यात डावा वाहू लागला, हा खरोखरचा डावा. मी वही उघडली. डाव्याचे फ्लोट फेब्रुवारीत बदललेत, मग तीन महिन्यांत ते खराब कसे होतील? फ्लोट बाद. निडल आणि ती जिथे टेकून बंद होते ती तिची सीट बदलली. पेट्रोलचा दाब मोजला. हवेची बारीक नळी फुंकून पाहिली. ओव्हरफ्लो जसाच्या तसा. शेवटी हात टेकले, फ्लोट काढले, सराफ गाठले. ७.५८. वही खोटं बोलतेय हे तेव्हाच कळायला हवं होतं. पण मी निष्कर्ष काढला की नवी जोडीच सदोष निघाली. श्रीखंडाच्या डब्यातून ‘स्पेअर’ जोडी घेतली. या वेळी शहाणपणा करून ती बसवण्याआधीच तोलून आणली होती. ६.८१, म्हणजे मर्यादेत. बसवली.

जुलैत डावा पुन्हा वाहिला.

आता तिसऱ्या वेळी माणूस पेट्रोलला शिव्या घालतो, मीही घातल्या. कारण होतंच. इंजिन कंपनी १० टक्क्यांपर्यंतच इथेनॉल चालवून घेते आणि पंपावर हल्ली ई-२० मिळतं, म्हणजे २० टक्के इथेनॉल मिसळलेलं. मोजनळीत १० मिली पाणी घेतलं, १०० पर्यंत पेट्रोल भरलं, झाकण लावून हलवलं, ठेवून दिलं. खालचा पाण्याचा थर १० वरून २८ वर गेला. म्हणजे ९० मिली पेट्रोलमधलं १८ मिली इथेनॉल पाण्याने ओढून घेतलं, बरोबर २० टक्के. भाचा म्हणाला, “मामा, सापडला चोर.” चोर होताच, त्यानंतर आम्ही पंपाचं पेट्रोल बंद केलं आणि विमानाचं १०० एलएल मागवलं. पण हा आमचा चोर नव्हता. तेच पेट्रोल, त्याच टाकीतून, उजव्या कार्बोरेटरलाही जात होतं आणि तो खडखडीत कोरडा होता.

उलगडा केला सार्जंटकाकांनी. आमच्या सोसायटीतले, हवाई दलात लोहगावला फिटर होते. निवृत्त होऊन वीस वर्षं झाली, पण अजून बोल्ट हातात घेतला की आधी डोक्यावरचा ठसा बघतात. त्यांना मी फेब्रुवारीत कौतुकाने फ्लोटचे फोटो पाठवले होते. जुलैतला फोटो पाठवल्यावर त्यांनी दोन्ही शेजारी ठेवून मला परत पाठवले आणि खाली लिहिलं: “हा पाहुणा आपल्याकडे आधी येऊन गेलाय.” एका फ्लोटच्या कडेला चिमट्याची नखाएवढी चीर होती. दोन्ही फोटोंत तीच चीर.

म्हणजे मे महिन्यात मी स्पेअर म्हणून जी जोडी बसवली ती फेब्रुवारीत काढलेली, पेट्रोल प्यायलेली जोडी होती. खरी स्पेअर डब्यातच बसून होती. मग ६.८१ कसं भरलं? तीन महिने पुण्याच्या उन्हाळ्यात, पत्र्याच्या शेडमध्ये, डब्याचं झाकण धड न लावलेलं. आत मुरलेलं पेट्रोल उडून गेलं आणि वजन जाग्यावर आलं. वाटीत गेल्यावर फ्लोट परत प्यायले. याचा अर्थ नीट लक्षात घ्या: काटा, डोळे, हात, कशानेच तो पार्ट खराब म्हणून ओळखता आला नसता. तो खराब आहे हे फक्त नोंदीलाच माहीत असू शकत होतं आणि नोंद नव्हती.

गंमत बघा, मी पोटापाण्यासाठी चाकणला क्वालिटीत आहे. दिवसभर दुसऱ्यांच्या मालाला लाल चिठ्ठ्या लावतो. रिजेक्ट माल चांगल्या मालाच्या क्रेटमध्ये सापडला तर मी सुपरवायझरला तासभर सुनावतो. आणि घरी माझं गोदाम म्हणजे श्रीखंडाचा डबा.

आमच्या वहीत नेमकं काय चुकत होतं, यावर नंतर काकांनी माझी अर्धा तास शाळा घेतली. नव्या पार्टची नोंद सगळेच ठेवतात. नवा पार्ट खोक्यात येतो, बिल असतं, पैसे गेलेले असतात, त्यामुळे वहीत चढतोच. काढलेला पार्ट मात्र टेबलावर पडतो, मग खोबणीत, मग डब्यात. तो कुठून निघाला, का निघाला आणि कुठे गेला, हे तीन प्रश्न कोणी लिहीत नाही. बिघाड परत येतो तो याच वाटेने.

आता आम्ही करतो ते असं. नवा पार्ट पाकिटातून बाहेर काढायच्या आधी जुन्याला चिठ्ठी लागते. आधी, नंतर नाही. हा क्रम मोडला की दोन सारखे दिसणारे पार्ट एकाच टेबलावर येतात आणि फोन वाजतो. चिठ्ठी म्हणजे लग्नपत्रिकेचा जाड कागद, कापून भोक पाडलेला, लाल मार्करची फुली मारलेला, केबल टायने पार्टला बांधलेला. बारीक वस्तू असेल तर चेनवाल्या पिशवीत, चिठ्ठी आत. काढलेल्या प्रत्येक पार्टला एक चालू क्रमांक मिळतो: का-१, का-२, का-३. तोच क्रमांक चिठ्ठीवर, तोच वहीत. फोटो काढताना चिठ्ठी फ्रेममध्ये हवीच. फोनमध्ये नुसता फ्लोटचा फोटो सहा महिन्यांनी कोणाच्या बापाला ओळखू येत नाही. माझं नशीब की चीर होती.

अॅल्युमिनियमच्या पार्टवर थेट लिहायचं तर मार्करने लिहा, पेन्सिलीने नको. पेन्सिलीतलं ग्रॅफाइट आणि अॅल्युमिनियम यांचं पटत नाही, ओल लागली की रेघेवर गंज धरतो.

वही आप्पा बळवंत चौकातली, शिवलेली, दोनशे पानी. स्प्रिंगवाली नको, पान फाडलं तर कळत नाही. पानांवर आधीच क्रमांक घालून ठेवलेत. लिहायचं बॉलपेनने. चुकलं तर एक आडवी रेघ, खालचं वाचता येईल अशी, शेजारी सही. व्हाइटनर शेडमध्ये आणायचाच नाही. ऑगस्टमधली एक नोंद जशीच्या तशी उतरवतो, म्हणजे किती लिहायचं याचा अंदाज येईल:

“का-५. इंजिन तास ३९३.१ (मीटर १३.१). जागा: डावा कार्ब., खुर्चीतून डावा. काढलं: फ्लोट, २ नग. काय दिसलं: बंद केल्यावर ट्रेमध्ये पेट्रोल, अंदाजे दोन चमचे, डावीकडचे दोन्ही प्लग काळे, उजवी बाजू ठीक. काय मोजलं: काढल्यापासून तासाभरात तोललं, ७.७१ ग्रॅम. आधीचा इतिहास: हीच जोडी फेब्रुवारीत उजव्यातून काढलेली (फोटो पाहून). काय बसवलं: नवी जोडी, पाकिटाचं लेबल पान ३१ ला चिकटवलं, बसवण्याआधी ६.५०. सोबत काय उघडलं: वाटी, वाटीचं गॅस्केट नवं. जुनं कुठे गेलं: लाल पेटी, नाश करायचा. काम: मी. तपासलं: काका.”

यात दोन-तीन गोष्टींवर मी हट्टी आहे. ‘काय दिसलं’ या जागी निदान लिहायचं नाही. “फ्लोट खराब” असं लिहिलं की पुढच्या वेळी तुम्ही ते वाचून डोकं बंद करता. ठिबक, काजळी, आकडे, एवढंच लिहा. निदान चुकू शकतं, ट्रेमधलं पेट्रोल चुकत नाही. दुसरं, ‘जागा’ नेहमी खुर्चीत बसलेल्याच्या हिशोबाने. आमच्या शेडमध्ये आता विमानाच्या नाकासमोर जमिनीवर रंगाने लिहिलंय: “तुमचा डावा तो उजवा.” बघायला येणारे हसतात. हसू देत.

तिसरं, तास. इंजिनाच्या लॉगबुकात ३८० तास होते आणि आम्ही पॅनेलवर तास मोजणारं नवं मीटर लावलं, ते शून्यापासून सुरू झालं. भाचा मीटरचा आकडा लिहायचा, मी बेरीज करून लिहायचो. दोन महिन्यांनी ४.२ आणि ३८६ एकाच पानावर. कुठल्या पार्टने किती तास काढले याचा पत्ताच नाही. आता इंजिनाचे एकूण तास आधी आणि मीटर कंसात. मीटर स्वतः बिघडून बदललं तर त्याचीही का-क्रमांकाने नोंद, जुन्याचा शेवटचा आकडा आणि नव्याचा पहिला. ही नोंद हुकली तर पुढचे सगळे तास खोटे.

रबराला तासांशी देणंघेणं नसतं, ते कॅलेंडरवर म्हातारं होतं. आमच्या इंजिनाच्या पुस्तकात पेट्रोलच्या आणि कूलंटच्या नळ्या पाच वर्षांनी बदला असं आहे, इंजिन चालो न चालो. दुसऱ्या हाताच्या इंजिनावर नळ्यांच्या तारखा नव्हत्या. तारीख नाही म्हणजे जुनी, असं धरून सगळ्या काढल्या. नव्यांवर बसवल्याची तारीख लिहिलेली पट्टी आहे.

आता कीर्द-खतावणी. तारखेवार वही म्हणजे कीर्द. रोज काय घडलं ते रोज. पण बिघाड परत येतोय का हे कीर्दीत दिसत नाही, कारण फेब्रुवारी आणि जुलै यांच्यामध्ये चाळीस पानं असतात. त्यासाठी वहीच्या मागच्या बाजूने खतावणी सुरू केली आहे, जागेप्रमाणे एकेक पान. डावा कार्बोरेटर, एक पान. उजवा, एक पान. डावं ब्रेक, शेपटीचं चाक, बॅटरी. तिथे फक्त क्रमांक आणि तारीख: “का-३, मे. का-५, ऑगस्ट.” एकाच पानावर दुसरा क्रमांक चढला की तिसरा पार्ट बसवायची परवानगी नाही. आधी मागच्या दोन्ही नोंदी उघडायच्या, लाल पेटीतले दोन्ही पार्ट टेबलावर घ्यायचे आणि मग बोलायचं. आमचे वाणी-सराफ शेकडो वर्षं उधारी याच पद्धतीने पकडत आले. हेच आपण एक्सेलमध्येही करू शकतो, भाच्याने केलंही आहे आणि जागेवरून फिल्टर मारता येतो. पण पेट्रोलचे हात कीबोर्डला लागत नाहीत, म्हणून मूळ नोंद वहीतच.

पाकिटं फेकू नका. सुट्या पार्टवर क्रमांक नसतो, तो पाकिटावर असतो. पार्ट नंबर, लॉट, कधी तारीख. लेबल कापून वहीत चिकटवा. बिलाची झेरॉक्स काढा. कुरिअरच्या आणि दुकानाच्या थर्मल कागदावरची अक्षरं वर्ष-दीड वर्षात उडतात, माझी तीन बिलं आज कोरी करकरीत आहेत.

हे लेबल प्रकरण किती महाग पडू शकतं याचं उदाहरण आपल्यापासून लांबचं, पण या छंदातल्या सगळ्यांना माहीत असलेलं आहे. अमेरिकेतल्या व्हॅन्स एअरक्राफ्ट या विमानांची किट विकणाऱ्या कंपनीने काही काळ पत्र्याचे पार्ट पंचाऐवजी लेझरने कापून घेतले होते. त्या भोकांच्या कडेला खाच राहायची आणि रिव्हेटसाठी भोक खोलगट दाबलं की तिथून तडा जायचा. २०२३ साली हे उघड झालं, पार्ट बदलून देण्याचा डोंगर उभा राहिला आणि डिसेंबरात कंपनीला दिवाळखोरीच्या कायद्याखाली संरक्षण मागावं लागलं. आता विचार करा, तुमच्या पंखातली कुठली फासळी कुठल्या खोक्यातून आली हे तुम्ही लिहिलेलं नाही आणि वरून कातडं रिव्हेट मारून बंद झालंय. बदललेली फासळी आणि न बदललेली फासळी बाहेरून जुळ्या बहिणी.

शिवाय ही कामं महिन्यांची नसतात. कांदिवलीत घराच्या गच्चीवर विमान बांधणाऱ्या अमोल यादवांनी ते २०१६ च्या फेब्रुवारीत मुंबईत मेक इन इंडियाच्या प्रदर्शनात मांडलं आणि डीजीसीएची (नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाची) नोंदणी हातात पडली २०१७ च्या नोव्हेंबरात, तीही बांधणीची वर्षं वेगळी धरून. एवढ्या काळात चार ऋतूंपूर्वी कुठला नट बदलला हे कोणाला आठवणार? आणि अधिकारी समोर बसला की “आठवतंय तसं” चालत नाही.

काढलेल्या पार्टचं शेवटी काय करायचं? आमच्याकडे तीनच वाटा. कंपनीला परत, म्हणजे कुरिअरचा नंबर वहीत. अभ्यासासाठी ठेवलेला, म्हणजे लाल पेटीत, कुलपात, किल्ली काकांकडे. नाहीतर नाश. नाश म्हणजे भंगारात टाकणं नव्हे. अख्खा, चकचकीत, सदोष पार्ट भंगारात गेला तर बुधवारी किंवा रविवारी तो जुन्या बाजारात पथारीवर मांडलेला दिसेल आणि आपल्यासारखाच कोणी उत्साही “अरे वा, ओरिजिनल” म्हणून घेऊन जाईल. बोल्ट असेल तर करवतीने दोन तुकडे. निडल, फ्लोट, पंपाचं पोट, सगळं ऐरणीवर. वहीत लिहायचं: “तोडलं”, तारीख, दोघांच्या सह्या.

तुमच्याकडे आधीच श्रीखंडाचा डबा झाला असेल तर सांगतो, त्रास होतो. आम्ही एक अख्खा रविवार घातला. डबा वर्तमानपत्रावर उलटा केला. प्रत्येक वस्तूला एकच प्रश्न: तुझा कागद कुठे आहे? फोनमधले जुने फोटो, बिलं, काकांना पाठवलेले निरोप, यांवरून जेवढं जुळलं तेवढं वहीत चढवलं, पण आजच्या तारखेला आणि पुढे “मागाहून, फोटोवरून” किंवा “मागाहून, आठवणीवरून” असं स्पष्ट लिहून. जुन्या तारखा घालून नोंदी रचू नका. एक रचलेली सापडली की तपासणारा बाकीच्या खऱ्याही धरत नाही. भाच्याची फेब्रुवारीची नोंदही तशीच ठेवली आहे, ‘डावा’ वर एक रेघ, वर ‘उजवा’, आजची तारीख, त्याची सही.

खरी स्पेअर जोडी पाकिटाच्या लेबलवरून सापडली, तीच ऑगस्टमध्ये बसवली. ज्या वस्तूंचा कागद नव्हता त्या अकरा निघाल्या. त्यांत मे महिन्यात उगाचच काढलेली निडल आणि तिची सीट होती. भिंगातून पाहिली, टोकावर ओरखडासुद्धा नव्हता. बाराशे-पंधराशेची वस्तू, बहुतेक उत्तम चालणारी. मी ती पिशवीत परत सरकवत होतो, तेवढ्यात काकांनी हात पुढे केला. “कशी ओळखणार आहेस पुढच्या वर्षी?” मग तीही ऐरणीवर ठेवली. नोंद का-१६.